तेलंगणाची तेलुगू ‘बाटलेली’ कशी काय?

‘ओडिया आणि तेलुगू या एकाच भाषेच्या दोन बोली. शुद्ध तेलुगू फक्त किनारपट्टीची, तेलंगणाची उर्दूने बाटवलेली. शुद्ध ओडिया कटकची, संबलपुरी म्हणजे मोडकी हिंदी.’ हा फॉरवर्ड फिरत फिरत सोलापूरला माझ्या आत्यापर्यंत पोचला. आमचं घर पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांचं, बोलणं तेलंगणाच्या वळणाचं. आत्याने फोन करून विचारलं, “आपलं बोलणं बिघडलेलं आहे म्हणे, खरं का रे?” म्हणून हा खटाटोप.

एक भाषा? पुरावा काय, तर दोन्ही लिप्या गोल! ओडिया बंगाली-असमियाच्या कुळातली, तेलुगू द्राविडी. भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सननेही त्यांना वेगवेगळ्या खंडांत बसवलं होतं. गोलाईचं श्रेय ताडपत्राला देतात (सरळ रेघेने पान फाटतं म्हणून), नात्याला नव्हे. हां, दक्षिण ओडिशातल्या गंजामच्या ओडियात तेलुगू शब्द सापडतात, हे खरं. १९३६ साली ओडिशा वेगळा प्रांत होईपर्यंत गंजाम मद्रास इलाख्यात होता. शेजार होता, उसनवारी झाली. त्यावरून रक्ताचं नातं जोडायचं म्हणजे कमाल आहे.

आता ‘बाटवलेली’कडे येऊ, कारण खरं विष तिथे आहे. ‘तो आला’ याला आंध्रच्या किनारपट्टीवर म्हणतात वच्चाडु, तेलंगणात वच्चिंडु. जुनं रूप वच्चिनाडु, ते आंध्रच्या दक्षिणेकडच्या रायलसीमेत अजून ऐकू येतं. म्हणजे किनाऱ्याने मधला ‘न’ गाळला, तेलंगणाने तो अनुस्वारात ठेवून पुढचा स्वर गाळला. झीज दोघांकडे झाली; मग बाटलं कोण? उर्दूचं म्हणाल, तर निजामामुळे तेलंगणात उर्दू शब्द जास्त आहेत, मान्य. पण जवाबु, दरखास्तु, खरीदु हे शब्द विजयवाड्याचा माणूसही वापरतो. ते त्याच्या तोंडी शुद्ध, आत्याच्या तोंडी अशुद्ध? भाषाशास्त्रज्ञ भद्रिराजू कृष्णमूर्तींनी शेतकऱ्यांचे, विणकरांचे धंद्यातले शब्द जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा करवले. त्यातून तेलुगूचे चार बोलीप्रदेश पुढे आले: उत्तर, दक्षिण, पूर्व आणि मध्य. त्यातला उत्तर म्हणजे तेलंगणा, चौघांपैकी एक, बरोबरीचा. किनाऱ्याची बोली प्रमाण ठरली ती शाळा, वर्तमानपत्रं आणि सिनेमा त्या बाजूच्या लोकांच्या हातात होता म्हणून.

पश्चिम ओडिशातल्या संबलपुरीचा मुद्दाही त्याच माळेतला. कटकचा माणूस ‘घर’मधल्या ‘र’चा अ स्पष्ट उच्चारतो, संबलपूरचा गाळतो, म्हणून म्हणे ती हिंदी. अहो, आपणही गाळतो! पद्मश्री हलधर नाग यांनी याच बोलीत काव्यं रचली. तिथले बरेच लोक तर तिला ओडियाची बोली म्हणायलाच तयार नाहीत, स्वतंत्र भाषा म्हणतात. तो वाद त्यांचा आहे, पण त्यातही ‘मोडकी हिंदी’ला जागा नाही.

शेवटचा मुद्दा तर धन्य आहे: तेलुगू २००८ साली अभिजात झाली, ओडिया २०१४ साली, ‘म्हणून ओडिया तिची लेक’. या हिशेबाने २०२४ साली अभिजात झालेली मराठी ओडियाची कोण लागते?