सरांनी जगबुडी तपासून दिली

परवा सरांकडून माझं पुस्तक परत आलं. खाकी कव्हर घालून. वर लेबल. नाव माझं, विषय इंग्रजी, इयत्तेची जागा कोरी. माझं वय त्रेपन्न.

पुस्तक म्हणजे कॉर्मॅक मॅकार्थीची 'द रोड'. २००६ साली आली, २००७ला पुलित्झर मिळालं, २००९ला सिनेमा निघाला. जग जळून राख झालंय. एक बाप आणि त्याचा लहान मुलगा दुकानातली ढकलगाडी रेटत दक्षिणेकडं, समुद्राकडं चाललेत. मी ती एका रात्रीत वाचली आणि पुढं आठवडाभर फडताळातल्या डब्यांकडं बघून पोटात खड्डा पडायचा. असलं काही वाचलं की दुसऱ्याच्या गळ्यात मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. खोड आहे, जात नाही.

बायकोनं तीसेक पानं वाचून विचारलं, "अहो, पोराची आई कुठाय?" सांगितलं. तिनं पुस्तक मिटलं आणि दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलली, जणू ते मीच केलं. भाचा म्हणाला, "मामा, पिक्चर बघितलाय." विषय संपला. शहापूरचे साडू म्हणाले, "एवढं चालत कशाला मरायला गेले? आपण असतो तर चोर्ल्यातनं सरळ पणजी गाठली असती की." साडूंना चोर्ला घाट पावसाळ्यात ठाऊक नाही. तिथली जगबुडी दरवर्षी जूनला सुरू होते.

इथवर ठीक होतं. मग सरांनी पुस्तक माझ्या हातात बघितलं.

सर आम्हाला आठवी ते दहावी इंग्रजी शिकवायचे, मराठीच्या बाई रजेवर असल्या की मराठीही. आता ऐंशी पार केलीय. टिळकवाडीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. "दे की, बघतो," म्हणाले. नाही म्हणायची सोय नाही. त्यांच्यासमोर अजून माझा हात आपोआप शर्टाचं बटण लावायला जातो.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. बाहेर बेळगावचा जुलै, म्हणजे चार दिवस न थांबता पिरपिर. टेबलावर भिंग, टूथपेस्टच्या खोक्यात लाल रिफिलींचा गठ्ठा आणि मधोमध खाकी कव्हरातलं माझं पुस्तक.

"बस. हे कुठं घेतलंस?"

"ऑनलाइन, सर."

"फसवलं तुला. डुप्लिकेट आहे."

"नाही सर, ओरिजिनल..."

"एकाही संवादाला अवतरणचिन्ह नाही. एकाही! बाप बोलतोय का पोरगं, पत्ता नाही. 'डोंट'ला अपॉस्ट्रॉफी नाही, 'कांट'ला नाही. बरं, 'आयम'ला मात्र आहे! धोरण तरी एक ठेवा की."

"ती लेखकाची शैली आहे, सर. मुद्दाम केलंय."

"शैली." सरांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "१९८६ला तुझीही शैली होती. सहामाहीला चौतीस पडले होते."

"सर, पुलित्झर मिळालंय त्याला."

"मग तपासनीस झोपला होता."

सूनबाईंनी चहा आणला. मी पुस्तक उघडलं. पानापानावर गोवर उठावा तशी लाल चिन्हं. त्यातून हे बाप-लेक एकमेकांना उठता-बसता नुसतं 'ओके' म्हणतात. प्रत्येक 'ओके'ला सरांनी दोन अलीकडं, दोन पलीकडं टिचवली होती. एकही सुटलं नव्हतं.

समासात शेरे. जग संपतं ती जागा: एक उजेड, काही दबके धक्के, घड्याळं १:१७ला बंद. झालं काय, ते लेखक सांगतच नाही. तिथं सरांनी लिहिलं होतं, 'कारणे द्या (२ गुण)'. पुढं तळघराचं दार उघडतं ते पान. वाचलंय त्यांच्या अंगावर आत्ताही काटा येईल, न वाचलेल्यांना मी सांगणार नाही. तिथं शेरा होता, 'क्रियापद कुठे?'

"सर, हे वाचताना काही वाटलं नाही?"

"वाटलं की. दोन रिफिली संपल्या." चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आणि नावं नाहीत रे. बापाला नाही, पोराला नाही, गावालाही नाही."

मी गप्प बसलो. आमच्याकडं उलट आहे. गाव एक, नावं तीन. घरात बेळगाव, इंग्रजीत बेलगाम, २०१४पासून कागदावर बेळगावी. १९५६पासून भांडण चालू, २००४पासून सुप्रीम कोर्टात दावा, वडील पुढच्या तारखेची वाट बघत गेले. शेताच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव कन्नडमध्ये असं काही उमटलंय की खिडकीतला माणूस मोठ्यानं वाचतो तेव्हा दुसऱ्याच कुणाचे आजोबा वाटतात. मराठीत नक्कल मागितली तर तो असा बघतो, जणू मी त्याच्या डब्यातली पोळी मागितली. त्या कादंबरीत माणसं माणसं खातात, कबूल. पण अर्ज तरी करावा लागत नाही.

असो. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. माझ्या पेन्सिलीच्या खुणा गेल्या होत्या.

"त्या रेघोट्या तुझ्या होत्या? खोडल्या मी. पुस्तकात लिहायचं नाही, आठवीत शिकवलं होतं." आणि हे सांगताना लाल पेन खिशाला लावलेलं!

एके ठिकाणी बाप फोडलेल्या मशिनमध्ये हात घालून कोकाकोलाचा एकुलता एक कॅन काढतो, पोराला देतो; पोरगं म्हणतं, तुम्ही पण घ्या. त्या ओळीशेजारी मी रात्री अडीचला काहीतरी लिहिलं होतं. आता तिथं कागदाची साल निघालीय. उजेडाकडं धरून बघितलं, कोळशानं घासून बघितलं. काय लिहिलं होतं ते आठवत नाही. नवीन प्रत घेता येईल, पैशांचा प्रश्न नाही. ते वाक्य कुठल्या दुकानात मिळणार? आणि सरांना हे बोलायची माझी टाप नाही, म्हणून इथं लिहितोय.

शेवटच्या पानावर 'तपासले', सही, तारीख. शंभरपैकी एक्केचाळीस.

"तू म्हणालास म्हणून पास केलंय. शेवट बरा आहे. तसलं आणखी आहे का त्याचं?"

"नाही सर," मी खोटं बोललो. घरात दोन आहेत. माळ्यावर टाकलीत.

घरी येऊन पहिलं पान उघडलं. तिथं मी माझं नाव आणि खाली गाव लिहिलं होतं. वडील दारावरच्या पाटीवर लिहायचे तसं, अनुस्वार देऊन: बेळगांव. अनुस्वाराभोवती लाल गोल होता आणि शेजारी बारीक अक्षरात, '१९६२ पासून बंद.'