घाट उतरताना ब्रेक कुणी मारायचा?

नवरात्र जवळ आलं की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एकच गाऱ्हाणं सुरू होतं. तुळजापूरला चालत जाणाऱ्या-येणाऱ्यांना रस्त्याचं भान नाही, पांढऱ्या पट्टीवरनंच चालतात, चौघी-चौघी हात धरून अख्खी कड अडवतात, बेल वाजवली तरी हलत नाहीत. यंदाही सुरू झालंय. तिथं वाद घालण्यापेक्षा इथं सविस्तर लिहितो. मी स्वतः सायकलवाला आहे, घाट उतरायला मलाही मजा येते. पण हे गाऱ्हाणं मला मुळातच उलटं वाटतं.

ज्यांनी हा रस्ता सायकलवर केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. हिप्परग्याचा तलाव, तामलवाडी, माळुंब्रा, इथवर फारसं काही जाणवत नाही. मग बालाघाटाची कड समोर उभी राहते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आणि तुळजापूर साडेसहाशेच्या, आणि त्यातला बराचसा चढ शेवटी घाटातच. तिथं सगळ्यात हलका गियर टाकूनही सायकल डुलायला लागते, चालणाऱ्यापेक्षा आपण जेमतेम पुढं असतो. मागनं ट्रक येतो, हॉर्न देतो आणि कानाजवळनं निघून जातो. वर पोचल्यावर चहाच्या टपरीवर आपण त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. दीड मीटर जागा सोडायला याचं काय जातंय बे? अगदी रास्त प्रश्न. आणि दर्शन, चहा, भजी उरकून तोच सायकलवाला उतरताना एखाद्या म्हातारीच्या कोपराला हँडल घासत जातो आणि खाली थांबून सांगतो, "मधेच आली राव."

मधे कशी आली, ते एकदा तिच्या पायाकडं बघून समजून घ्या. चालणाऱ्यांतले कित्येक जण अनवाणी असतात, नवस असतो. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर हळदकुंकू, हातात परडी, आणि टाचांना भेगा. सोलापूरचं ऊन आश्विनातही काही कमी नसतं, दहा-अकरा वाजता डांबर चटके देतं. पांढरा रंग डांबराएवढा तापत नाही आणि पट्टी पायाला गुळगुळीत लागते, म्हणून त्या बरोब्बर पट्टीवरनं चालतात. पट्टीच्या बाहेर बारीक खडी, फुटक्या काचा आणि बाभळीचे काटे. त्याच खडीमुळं आणि काट्यांमुळं आपणही पट्टीच्या बाहेर जात नाही, पंक्चरच्या भीतीनं. म्हणजे दोघांनाही तीच हातभर जागा हवी असते आणि कारणही एकच. फरक एवढाच, की आपल्याकडं ब्रेक आहे, टायर आहे, आणि समोरचं दिसतंय. तिला आपण पाठीमागनं येतो.

आता वेगाचं. घाटात पॅडल न मारता सायकल सहज ताशी ४० वर जाते. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर पोरगं आलं, हे डोक्यात शिरून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे ११ मीटर तिथंच संपले. पुढं चांगले ब्रेक, कोरडा रस्ता असला तरी आणखी बारा-तेरा मीटर, उतारावर त्याहून जास्त. मागंपुढं उभ्या केलेल्या दोन एसट्यांएवढं अंतर झालं. तेच ताशी २० ला सगळं मिळून नऊ-दहा मीटरमध्ये भागतं. वेग निम्मा केला की नुसतं ब्रेक लागण्याचं अंतर चौथाईवर येतं, हा शाळेतलाच हिशोब आहे. तरीही आपल्यातले काही जण उतरायची वेळ ॲपवर लावून बसतात. चढायची वेळ लावा की! त्यात दम लागतो. उतरताना सगळं काम पृथ्वीच करते.

बेलबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. बेल जरूर लावा, पण घाटातल्या गर्दीत तिचा भरवसा धरू नका. ट्रकच्या घरघरीत ती लांबनं ऐकू येत नाही आणि जवळ येऊन वाजवली की माणसं दचकून फाकतात. आई पोराला एका बाजूला ओढते, मावशी दुसऱ्या बाजूला, आणि मधे आपण. "उजवीकडनं येतोय" असं ओरडलं तर निम्मे लोक उजवीकडंच सरकतात, ही तर नेहमीची गोष्ट. मला एकच गोष्ट लागू पडलेली दिसली आहे. लांबनंच, वेग उतरवून, मोठ्यानं "आई राजा उदो उदो" म्हणायचं. अख्खा जथा "उदो उदो" करत मागं वळून बघतो. माणसानं वळून बघितलं की निम्मं काम झालं, मग तो आपणहून कड धरतो, वर हातही करतो. देवीचं नाव घ्यायचं नसेल त्यानं "मावशी, मागं सायकल हाय" म्हणावं. तरीही जागा नसेल तर पाय टेकायचा. सायकल थांबते, हे आपण का विसरतो कळत नाही.

ब्रेकचं दोन ओळींत सांगतो, नव्या पोरांसाठी. वळणाच्या आधी वेग उतरवा, वळणात ब्रेक आवळू नका. पुढचा ब्रेक जास्त थांबवतो, पण खडीवर किंवा ओल्यावर तोच एकटा दाबला तर तोंडावर आपटाल, म्हणून दोन्ही मिळून. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीला रबर घासणारा, असेल तर सतत घासत ठेवू नका, रिम तापते, दाबा-सोडा करा. आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, तो नवरात्रातही गाठतोच. सर पडल्यावर वळणावरचं सांडलेलं डिझेल वर येतं, आणि ओल्या रिमवर ब्रेक पहिल्यांदा लागतच नाही. तीच पांढरी पट्टी पावसात निसरडी होते, ते वेगळंच. दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की दोन ट्रॉल्यांच्या आतल्या बाजूनं घुसायचं नाव काढू नका. तो ड्रायव्हर आपल्याला बघूच शकत नाही.

चालणाऱ्यांचं काहीच चुकत नाही असं नाही. पहाटेच्या अंधारात काळा शर्ट घालून, कानात हेडफोन घालून चालणारी तरुण पोरं मीही बघतो. त्यांच्यासोबतचा स्पीकरवाला टेम्पो तर निम्मा रस्ता खातो. पाठीवर चमकणारी एखादी पट्टी लावली तर त्यांचंच भलं. पण त्यांना हे सांगायचा हक्क, आधी आपण हळू उतरल्यावरच.

राहिली कोजागरी. तेव्हा सोलापूरकडनं लोटणारी गर्दी एवढी असते, की गाड्यांसाठी रस्ता बंद करून वाहतूक दुसरीकडनं वळवतात. सायकलला कोण अडवतंय म्हणून काही जण त्यातही घुसतात. दुपारी हात वर करून "प्लीज साइड, प्लीज साइड" करत उतरणं ही कसली राइड? माझं ग्रुपला सांगणं आहे, घटस्थापना ते कोजागरी रविवारची राइड अक्कलकोटला काढू. चाळीसेक किलोमीटर, घाट नाही, पहाटे निघालं की दर्शन घेऊन उन्हाच्या आत घरी. ज्याला देवीलाच जायचं आहे त्यानं सायकल घरी ठेवून चालत जावं, मी यंदा तेच करणार आहे. सोबत कोण येतंय ते सांगा, शुक्रवारी रात्री जुन्या तुळजापूर नाक्यावरनं निघू.