गोव्यात माडाखाली उभ्या असलेल्या होतकरू चोरास

सप्रेम नमस्कार. धंदा तुम्ही वेळ पाहून निवडलात, यात शंका नाही. २०२५ साली नारळाचे भाव नारळ पाडणाऱ्या पाडेल्याच्या आधी माडाच्या शेंड्याला पोचले. सरकारनेही तुमची सोय पाहिली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ म्हणतं की चोरी पाच हजार रुपयांच्या आतली असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. एका रात्रीत माणूस खांद्यावरून नेईल तेवढे नारळ या हिशेबात आरामात बसतात. तेव्हा कोर्टाला घाबरू नका, गावाला घाबरा. कोर्टाला पुरावा लागतो, गावाला तुमचं आजोळ कळलं की पुरतं.

माडाला काटेरी फांद्यांचा वेढा घालायची पद्धत जुनी आहे. अंधारात हाताला पत्रा लागला तर दचकू नका, तो उंदरांसाठी आहे. काटे लागले तर ते खास तुमच्यासाठी.

ओल्या काजूंचा मोह मात्र आवरा. भाव चांगला, वजन कमी, बाग डोंगरावर, माणूस दिसत नाही, सगळं खरं. पण काजूच्या कवचातलं तेल कातडी भाजतं. बोटं काळी पडतात आणि दोन-चार दिवसांनी सालं निघू लागतात. मालकाला हे ठाऊक असल्यामुळे तो रात्री जागत बसत नाही, घरी जाऊन स्वस्थ झोपतो. सालं निघायची वेळ झाली की तिठ्यावरच्या गाड्यावर येतो, मिरची-भजी सांगतो आणि ओळखीच्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन ख्यालीखुशाली विचारतो. तुम्ही हात खिशात घालून बसलात तर तुमच्यासाठीही चहा सांगेल. सोललेल्या बोटांनी गरम ग्लास धरून दाखवा बरं. हाताला आधी खोबरेल चोळावं, असं जाणकार सांगतात. जरूर चोळा, फक्त त्याच रात्री माडावर चढायचा बेत ठेवू नका.

परसातला भोपळा त्या मानाने निरुपद्रवी वाटतो. तो मुठीएवढा असतानाच घरातल्या म्हाताऱ्याने टाचणीने देठाजवळ एक अक्षर ओढून ठेवलेलं असतं. भोपळा वाढतो, अक्षर वाढतं, वर खपली धरते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्ही तो मांडून बसेपर्यंत अक्षर बोटभर झालेलं असतं. म्हातारा येतो, भाव विचारतो, घासाघीस करतो. (इथेच सावध व्हायला हवं होतं. स्वतःच्याच भोपळ्याचा भाव पाडून मागण्यात एक सुख असतं आणि ते तो पुरेपूर घेतो.) मग भोपळा फिरवून तुमच्यासमोर धरतो आणि नातीचं नाव काय ते सांगतो.

कोंबडा उचलण्याआधी त्याचे पाय तपासा. पायात तांबडा दोरा असेल तर तो राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, बोललेला. आमच्या शेजारच्या एका घरी पिल्लांसकट अख्ख्या खुराड्याच्या पायात तांबडा दोरा आहे. राखणदार एवढं खातो का, हे विचारायची छाती असेल तर जरूर विचारा.

याहून स्वस्त उपाय गाऱ्हाण्याचा. ते प्रत्यक्ष घालावंही लागत नाही. सोमवारी देवळात गाऱ्हाणं घालणार आहे, एवढं रविवारी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, कानावर टाकायचं. पहाटे भोंपू वाजवत तो दारोदार उंडे, म्हणजे गोल पाव, पोचवतो, त्या उंड्यांबरोबर बातमीही गरमागरम पोचते. सोमवारी उजाडताच चोरीला गेलेली पाण्याची मोटर तुळशीपाशी परत आलेली असते, कधी कधी तर पुसून ठेवलेली.

एकटी राहणारी म्हातारी म्हणजे सोपं घर, असा तुमच्या धंद्यात एक गैरसमज आहे. मुलगा बोटीवर, सून मुंबईला, घरात ती आणि मांजर. दाराबाहेर मात्र दहा नंबरचे मर्दानी बूट, चिखलासकट. मुलाने टाकलेले आहेत, चिखल ती दर पावसाळ्यात ताजा लावते. मध्यरात्री बाहेर खुट्ट झालं की आतून आवाज येतो, "अवो, तुमी उठूं नाकात. बंदूक नाका, फाटले खेपेसारकें जातलें. हांव सुण्याकच सोडटां." (बंदूक नको, मागच्या खेपेसारखं होईल, मी कुत्र्यालाच सोडते.) नवरा जाऊन तप लोटलं आणि कुत्रा तिने कधी पाळलाच नाही. पण शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक गोव्यातल्या काही घरांत अजून असते, त्यामुळे वाक्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे कुंपणाबाहेर उभं राहून ठरत नाही.

दिवसा टेहळणीला, पाणी मागायच्या निमित्ताने, तिच्याकडे जाणं तर त्याहून वाईट. पाण्याबरोबर गुळाचा खडा येतो आणि त्याबरोबर प्रश्न, "कोणालो रे तूं?" आडनाव खोटं सांगाल तर वाडा विचारील. वाडा सांगाल तर आजोळ. आजोळ सांगाल तर त्या घरातली कोणती मुलगी कुठे दिली, हे तीच तुम्हाला सांगेल. गुळ विरघळायच्या आत तुमची मावशी सापडते आणि दिवेलागणीपर्यंत मावशीला फोन गेलेला असतो.

गावाचं कधी चुकत नाही, असं नाही. सत्तरी तालुक्यातल्या झर्मे गावात शिगम्याला चोरोत्सव होतो. चोर ठरवलेल्या माणसांना जमिनीत पुरतात, कुणाचं फक्त डोकं वर दिसतं. पूर्वी गावाने निरपराध माणसांना चोर समजून मारलं, त्याचं हे प्रायश्चित्त, असं सांगतात. ते निरपराध होते म्हणून उत्सव. तुमच्यासाठी कुणी वर्गणी काढेल, अशी आशा धरू नका.

एवढं वाचून हिरमुसला असाल तर बढतीचा एक मार्ग आहे. नारळ कशाला, माडांसकट जमीनच न्यावी. मालक परदेशी किंवा निवर्तलेला, कागद पोर्तुगीज काळातले, वारस चार दिशांना. बनावट दस्तांनी जमिनी हडपल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०२२ मध्ये गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, शिवाय निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग. या कामात काटे टोचत नाहीत, बोटं सोलत नाहीत, कार्यालयात वर पंखा असतो. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढलं की राखणदारसुद्धा तुमचाच भाडेकरू.

फक्त जागा पाहायला जाल तेव्हा शेजारच्या सोप्यावर कुणी म्हातारी बसली आहे का, ते आधी बघा. फाईल छातीशी धरून तुम्ही सांगाल की मूळ मालकाचा मी सख्खा नातू. ती बसायला खुर्ची देईल, पाणी देईल, गुळही देईल, तुमचा कागद उलटा धरून सावकाश पाहील आणि म्हणेल, "नातू? ताचें लग्नूच जावंक ना न्ही रे पुता."