डिझेलमध्ये धुतलेला सेपरेटर परत मशीनला लावू नका

परवा संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तो सिन्नरकडे बोअरच्या गाडीवर कंप्रेसर, म्हणजे हवा दाबणारं मशीन, सांभाळतो. त्यातला सेपरेटर म्हणजे दाबलेल्या हवेतून तेल वेगळं करणारा भाग. "मामा, सेपरेटर धुवून वाळत घातलाय, आता तीन वर्षं बघायला नको." कशात धुतला विचारलं तर म्हणे आधी डिझेल, मग शेवटचा हात पेट्रोलचा. कोणी शिकवलं तर व्हॉट्सअॅपवर मेसेज आला होता. तो त्याने मला पाठवला आणि बघतो तर हाच मेसेज आमच्या अंबड एमआयडीसीच्या मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर आठ दिवसांत तीनदा येऊन गेलेला. तेव्हा मी बोललो नाही, आता घरातलं पोरगं त्यात अडकलं म्हणून लिहितोय.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगतो. डिझेल कंप्रेसरमधला एअर ऑइल सेपरेटर म्हणजे साधी जाळी आहे, कंपन्या पैसे काढायला बदलायला लावतात. तो डिझेल पेट्रोलमध्ये धुवा, उन्हात वाळवा. गास्केटमधल्या (जोडातून गळू नये म्हणून मध्ये बसवलेल्या चकतीतल्या) पिना काढून टाका, त्यांनीच लिकेज होतं, वरून सिलिकॉन लावा. धुतल्यावर प्रेशर गेज शून्यावर येतो, हाच पुरावा. हवेबरोबर थोडं तेल गेलं तर हॅमरला, म्हणजे हवेवर चालून खाली दगड फोडणाऱ्या हत्याराला, फायदाच. आणि कंप्रेसर ऑइलच्या जागी इंजिन ऑइल टाका. शेवटी लिहिलंय, "तामिळनाडूवाले असंच करतात."

साधी जाळी, हे पहिलंच वाक्य चूक आहे. स्क्रू कंप्रेसरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या दोन स्क्रूंमध्ये हवा दाबणाऱ्या मशीनमध्ये, हवा दाबताना आत तेल सोडतात, ते स्क्रूला थंड ठेवतं, फटी बंद करतं आणि वंगणही देतं. मग ही तेल-हवेची खिचडी टाकीत येते. टाकीत गोल फिरून, आपटून बहुतेक तेल खाली पडतं, पण धुक्यासारखे बारीक थेंब हवेतच राहतात. ते थेंब पकडायला सेपरेटर असतो, आणि तो बनतो काचेच्या अतिशय बारीक तंतूंचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. थेंब तंतूंवर बसतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात, खाली उतरतात आणि बारीक रिटर्न लाईनने परत स्क्रूकडे जातात. चांगला सेपरेटर असेल तर बाहेर जाणाऱ्या हवेत घनमीटरला साधारण ३ मिलिग्रॅम तेल उरतं. ११०० सीएफएमचं (मिनिटाला ११०० घनफूट हवेचं) मशीन धरा, म्हणजे मिनिटाला ३१ घनमीटर हवा, तर तासाला पाच-सहा ग्रॅम तेल गेलं. सेपरेटर फाटून तेच शंभरपट झालं तर तासाला अर्ध्या किलोच्या वर, आणि दहा तास बोअर चालला तर पाच किलोच्या पुढे. ते तेल टाकीतूनच जाणार ना, दुसरीकडून कुठून येणार?

आता धुण्याचं. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण यात माणूस जाऊ शकतो.

काचेच्या तंतूंचे ते थर पिळायचे, ब्रशने घासायचे किंवा हवेचा फवारा मारायचे नसतात, दाबाने ते फाटतात आणि ते फाटलेलं डोळ्याला दिसत नाही. पण ते नुकसान पैशाचं झालं. खरा धोका असा की डिझेल त्या थरांत खोलवर मुरतं आणि दोन दिवस उन्हात ठेवून पूर्ण जात नाही. वरून कोरडं लागतं, आत ओलं असतं. आता तो सेपरेटर टाकीत बसवला आणि मशीन चालू केलं की टाकीतलं तापमान ८० ते १०० डिग्रीच्या आसपास जातं. आपल्याकडे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ डिग्री असावा असा नियम आहे, म्हणजे तेवढ्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेण्याइतकी होऊ शकते. कंप्रेसर ऑइलचा फ्लॅश पॉइंट दोनशेच्या वर असतो म्हणून एरवी टाकी सुरक्षित असते. पेट्रोलची तर वाफ आपल्या थंडीतसुद्धा पेटते. आणि टाकीत नुसती हवा नाही, दाबलेली हवा आहे, बोअरच्या मशीनला २० बारच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन वीसपट. गरम टाकी, डिझेलची वाफ, वीसपट ऑक्सिजन, आणि शेजारी माझा भाचा उभा. आता फक्त ठिणगी राहिली.

ती ठिणगी पुरवायची सोय मेसेजने पुढच्याच ओळीत केलीय. गास्केटमधल्या त्या पिना, स्टेपलरच्या पिनेसारख्या दिसणाऱ्या, ज्या "लिकेज करतात" म्हणून काढायला सांगितल्यात, त्या तिथे अर्थिंगसाठी असतात. तेल आणि हवा तंतूंमधून जोरात जाताना सेपरेटरवर स्टॅटिक वीज साठते. गास्केट वीज वाहून नेत नाही, म्हणून त्यातून धातूची पिन आरपार घातलेली असते, म्हणजे सेपरेटरची पत्री टाकीला जोडलेली राहते आणि वीज निघून जाते. पिन काढली किंवा वरखाली सिलिकॉन फासलं की सेपरेटर अधांतरी झाला, मग साठलेली वीज टाकीच्या आतच उडी मारते. हे मी मनाचं सांगत नाही. सलेअर या कंप्रेसर कंपनीच्या मशीनचं मॅन्युअल उघडा, सेपरेटर बदलण्याच्या पानावर स्पष्ट सूचना आहे की गास्केटमधली पिन काढू नका, ती स्टॅटिक उतरवण्यासाठी आहे, आणि गास्केटला सीलंट लावू नका कारण त्याने विजेचा मार्ग तुटतो. मशीन बनवणारा लेखी सांगतोय, आणि आपण नाव नसलेल्या मेसेजवर विश्वास ठेवून पक्कडने पिना उपटतोय. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने दोन्ही गोष्टी, जळणारा पदार्थ आणि ठिणगी, एकाच कागदावर दिल्यात याचा मला खरंच राग येतो.

गेजचा पुरावाही बघा. सेपरेटरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात फरक असतो, तो हा गेज दाखवतो, नवा असेल तर ०.२ बारच्या आसपास, आणि तो वाढत वाढत ०.८ ते १ बारला आला की बदलायची वेळ. धुतल्यावर फरक शून्य आला म्हणजे साफ झाला असं नाही. नव्या सेपरेटरलासुद्धा शून्य येत नाही! शून्य म्हणजे हवेला आरपार भोक मिळालंय, सेपरेटर फाटलाय. भाच्याने पण मला हेच मोठ्या आनंदाने सांगितलं होतं की मेसेजमधल्या व्हिडिओत काटा खाली पडतो.

हॅमरला तेल लागतं हे बरोबर आहे, नाकारत नाही. पण त्यासाठी हवेच्या लाईनवर लुब्रिकेटर, म्हणजे तेल सोडणारं भांडं, असतो आणि त्यात रॉक ड्रिल ऑइल घालतात, ते चिकट असतं, हॅमरच्या पिस्टनला धरून राहतं. कंप्रेसरचं ऑइल त्या कामाचं नाही. आणि ते जातं कुठे? बोअरमध्येच. निफाड, चांदवडकडे शेतकरी कर्ज काढून काळ्या दगडात बोअर मारतो, पाणी लागलं की पहिली ओंजळ तोंडाला लावतो, आणि त्या पाण्यावर तवंग. इकडे टाकीतलं तेल कमी झालं की स्क्रू तापतो, तो गेला की सेपरेटरच्या कितीतरी पट खर्च.

इंजिन ऑइलबद्दल थोडं मान्य करावं लागेल. काही पोर्टेबल मशीनच्या मॅन्युअलमध्ये ठराविक ग्रेडचं इंजिन ऑइल चालेल असं दिलेलं असतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तर टाका. नसेल तर नको, इंजिन ऑइलमधले साफसफाईचे घटक पाणी तेलात धरून ठेवतात, फेस होतो, आणि तो फेस सेपरेटरवरच येऊन बसतो.

आणि सेपरेटर उगाच बदलले जातात, ही तक्रारसुद्धा अर्धी खरी आहे. हवेत तेल दिसलं की सेपरेटर गेला असं सांगणारे मेकॅनिक मी पाहिलेत. आधी बघायचं की टाकीत तेल जास्त तर भरलं नाही, रिटर्न लाईनचं बारीक छिद्र चोक आहे का (दहात चार वेळा मला तिथेच सापडलंय), मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह बरोबर बंद होतोय का. तो व्हॉल्व्ह ढिला असला की टाकीत दाब राहत नाही, हवा सेपरेटरमधून फार वेगाने जाते आणि तेल ओढून नेते. हे सगळं नीट असेल आणि तरी तेल येत असेल तर मग सेपरेटर. पैसे वाचवायचे तर इथे वाचतात, धुण्यात नाही.

तामिळनाडूवाल्यांचं म्हणाल तर तिरुचेंगोडच्या रिग गाड्या देशभर फिरतात, आपल्याकडेही येतात, त्यातल्या दोन-तीन गाड्यांचं काम मी केलंय. त्यांच्या केबिनमध्ये सीटखाली नवा सेपरेटर पॅक ठेवलेला असतो, गास्केटसकट.

रात्रीच सिन्नरला गेलो. सेपरेटर पत्र्यावर वाळत होता, हात लावला तर आतून डिझेल ओघळलं, पिना चारही काढून डबीत ठेवलेल्या. मालकाला समोर बसवून दाखवलं, तोही गप्प झाला. दुसऱ्या दिवशी नवा आणला. झाकण लावायच्या आधी मल्टीमीटरची एक पिन सेपरेटरच्या पत्रीला, एक टाकीला लावून भाच्याकडूनच कंटिन्युटी, म्हणजे वीज आरपार जाते का, बघून घेतली, बीप वाजला तेव्हा बोल्ट आवळायला दिले. जुना कोयत्याने मधोमध कापून टाकलाय, भंगारातून उचलून कोणी परत लावू नये म्हणून.