धारेचं मशीन आणि तो ‘नुसतं उकळतं पाणी फिरवा’वाला मेसेज

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज सगळीकडे फिरतोय, दूधवाल्या बऱ्याच जणांना आला असेल. त्याचा गाभा असा की धार काढायचं मशीन धुवायला डिटर्जंट, ॲसिड वगैरे काही लागत नाही, ते सगळं माल खपवायला काढलेलं आहे, धारा झाल्या की उकळतं पाणी फिरवा, दूध लगेच थंड करा, पुढे ते पाश्चराईज होणारच आहे, विषय संपला. खाली मुद्देही दिलेत. माझं काम मशीन दुरुस्तीचं, रोज कुणाचं ना कुणाचं मशीन उघडतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही कारण लोक खरंच तसं करायला लागलेत. एकेक मुद्दा घेतो.

“दुधातले जंतू कासेतून येतात, मशीनचा काय संबंध”

निरोगी जनावराच्या कासेतून दूध येतं तेव्हा त्यात जंतू अगदी कमी असतात, मिलीला काही शे, फार तर हजारभर. कासदाह (कासेची सूज) झालेल्या एखाद्या जनावराच्या दुधात मात्र प्रचंड जंतू असू शकतात आणि एकटं जनावर अख्ख्या टाकीचा काउंट, म्हणजे मिलीमागे जंतूंचा आकडा, बिघडवू शकतं, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. सड न पुसता मशीनचे कप चढवले तर तीही घाण आत जाते. पण जनावरं ठणठणीत आहेत, सड धुऊन कोरडे करून धार काढली जातेय आणि तरी काउंट लाखात येतोय, मग तो कुठून आला?

दूध निघतं साधारण ३७-३८ अंशाला. धार झाल्यावर नळीच्या वळणात, क्लॉच्या (चारही कपांचं दूध एकत्र येतं तो भाग) कोपऱ्यात, गॅस्केटच्या (जोडातल्या रबरी रिंगच्या) खाली चार-सहा मिली दूध राहतंच. कोमट जागा, ओल आहे, खायला दूध आहे, अशात बरेच जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. दोन धारांमध्ये दहा तास धरले तर वीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे दहा लाखांच्या वर. सुरुवातीला हजार जंतू असले तर दहा तासांनी शंभर कोटी. आता पुढची धार शंभर लिटरची धरा, मशीनमधला तो सगळा माल पहिल्या दुधाबरोबर वाहून गेला तर मिलीमागे दहा हजार जंतू नुसते मशीनने घातले. प्रत्यक्षात अन्न संपतं, मशीन थंड होतं, त्यामुळे आकडा कमी भरेल, पण मशीनमध्ये राहिलेलं दूध बरंच जास्त असलं की तो परत वर जातो. युरोपात कच्च्या दुधाला मिलीमागे १,००,००० ची मर्यादा आहे, अमेरिकेतही ग्रेड ए (पिण्यासाठीच्या) दुधासाठी एकेका उत्पादकाला हाच आकडा आहे. ही मर्यादा गाठायला जनावर आजारी असायची गरज नाही, दोन धारांच्या मधल्या वेळात ते मशीन कसं पडलं होतं एवढं पुरतं.

“दिवसातून एकदा नीट धुतलं की झालं”

वरचा हिशोब वाचला तर याचं उत्तर त्यातच आहे. शिवाय दूध एकदा वाळलं की ते निघायला दसपट मेहनत लागते. धार संपल्या संपल्या, मशीन अजून कोमट असताना पहिलं पाणी गेलं पाहिजे, जेवण-चहा नंतर.

“उकळतं पाणी फिरवलं की सगळे जंतू मरतात, बाकी काही लागत नाही”

मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हा, कारण ऐकायला तो एकदम पटतो.

धार झाल्या झाल्या दुधाने माखलेल्या मशीनमध्ये उकळतं पाणी घातलं तर दुधातलं प्रोटीन तिथेच शिजतं आणि स्टीलला, रबराला घट्ट धरून बसतं. दूध तापवलेल्या भांड्याच्या तळाला जो थर धरतो ना, तोच थर तुम्ही नळीच्या आतून देताय, फरक एवढाच की भांड्यात हात जातो आणि नळीत जात नाही. त्या थरावर पुढच्या वेळी अजून एक थर, पाण्यातला चुना त्यात मिसळतो, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बसत जातात आणि महिन्याभरात दुधाचा दगड म्हणतात तसा खडबडीत पापुद्रा तयार होतो. त्याच्या आत बसलेल्या जंतूंपर्यंत ना गरम पाणी नीट पोचत ना औषध.

मग गार पाण्याने धुवावं? तेही नाही. गार पाण्यात फॅट थिजतं आणि आतून तुपकट थर बसतो. म्हणून पहिलं पाणी कोमट, साधारण ३८ ते ४५ अंश, फॅट वितळलेलं राहील पण प्रोटीन शिजणार नाही असं. थर्मामीटर घ्या, हाताला आलेला अंदाज थंडीच्या दिवसात फसवतो. हे पाणी परत परत फिरवायचं नाही, एका बाजूने आत दुसऱ्या बाजूने बाहेर, गढूळपणा जाऊन स्वच्छ येईपर्यंत सोडून द्यायचं. मशीनमधलं बहुतेक दूध या एका पाण्यातच निघून जातं, त्यामुळे हे नीट केलं तर पुढचं डिटर्जंट कमी खर्ची पडतं, हे मी कितीदा सांगतो लोकांना.

त्यानंतर गरम पाणी, डिटर्जंटसकट. डिटर्जंटमधलं अल्कली (क्षारक) फॅट आणि प्रोटीन सोडवतं. पाणी ७० अंशाच्या आसपास घालायचं आणि आठ-दहा मिनिटं फिरवायचं, पण बाहेर येणारं पाणी ४५-५० च्या खाली जायच्या आत काढून टाकायचं. बरेच जण बरं वाटतं म्हणून अर्धा अर्धा तास फिरवत बसतात, तोवर पाणी गार होतं आणि सुटलेलं फॅट परत आत चिकटतं, म्हणजे जास्त धुऊन जास्त घाण. बकेट मशीन (दूध थेट बादलीत जमा होतं ते) असेल तर या पाण्यात ब्रश लावायचा, प्रत्येक भागाला वेगळा ब्रश, नुसतं हलवून भागत नाही. मग अल्कलीला न सोडवता येणारे क्षार काढायला ॲसिडचं पाणी, ते रोज की आठवड्यातून किती वेळा हे तुमचं पाणी किती जड, म्हणजे क्षारांचं, आहे यावर. पाणी जड असेल तर डिटर्जंटचा जोरही कमी पडतो, त्यामुळे पाणी एकदा तपासून मग मात्रा ठरवा.

आणि हे नीट वाचा: ॲसिड आणि क्लोरीनवालं डिटर्जंट कधीही एकत्र करायचं नाही, एकाच बादलीत लागोपाठ न विसळता घालायचंसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जीवावर बेततं.

उकळत्या पाण्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. आधी धुऊन स्वच्छ केलेल्या मशीनमधून ७७ अंशाच्या वरचं पाणी निदान पाच मिनिटं फिरलं आणि शेवटच्या टोकालाही ते तेवढंच गरम राहिलं तर ते निर्जंतुक करतं. दूध वाहून नेणाऱ्या लांब लाईनमध्ये दुसऱ्या टोकाला थर्मामीटर लावून बघा म्हणजे कळेल ते राहतं का. आधी धुणं, मग निर्जंतुक करणं, हा क्रम मेसेजने गाळूनच टाकलाय.

“मशीन चकचकीत आहे, वास नाही, म्हणजे स्वच्छ आहे”

चकचकीत असते ती बाहेरची बाजू. मी क्लॉ उघडतो तेव्हा वरचं झाकण, स्टील, सगळं आरशासारखं असतं, मग आतली रबरी रिंग नखाने उचलतो आणि तिच्या खालच्या खाचेत पिवळट, बुळबुळीत गोल वेटोळं बसलेलं असतं, बोटावर घेतलं की आंबूस वास. ज्यांचं मशीन असतं ते बाजूला उभे असतात आणि ते म्हणतात हे तर रोज धुतो आम्ही, आणि ते खोटं बोलत नसतात, रोज धुतात, पण रिंग काढून नाही.

आतला थर ओळखायचा असेल तर मशीन वाळू द्या आणि मग टॉर्च मारा, ओलं असताना सगळंच चमकतं. तेलकट चमक आणि पाणी थेंब थेंब होऊन थांबत असेल तर फॅट राहतंय, म्हणजे पाणी गार पडतंय किंवा डिटर्जंट कमी पडतंय. वाळल्यावर निळसर-इंद्रधनुषी झाक दिसली तर प्रोटीन, पहिलं पाणी चुकतंय. पांढरट खरखरीत लागलं तर क्षार, ॲसिड होत नाहीये. नळ्यांची वळणं, जोड, बकेटच्या झाकणाची रिंग, गाळणीची जाळी आणि कूलरचा आउटलेट नळ, या जागा आधी बघा. कूलरचा नळ तर बहुतेक जण विसरतातच.

“दूध लगेच थंड केलं की जंतू मरतात”

थंडीने जंतू मरत नाहीत, मंदावतात. दूध दोन तासांच्या आत ४ अंशापर्यंत आणणं फार महत्त्वाचं आहे, ते कराच. पण त्या थंडीतही वाढणारे जंतू आहेत, स्युडोमोनास हा त्यातला ओळखीचा, आणि तो पाण्यात, ओल्या नळीत, न सुकलेल्या रबरात मजेत राहतो. धुतल्यावर मशीन उलटं टांगून निथळू आणि वाळू द्यायचं ते याच्यासाठी. हे जंतू थंड दुधात दोन-तीन दिवस राहिले की प्रोटीन आणि फॅट तोडणारी एन्झाइम सोडतात. पुढे पाश्चरायझेशनमध्ये जंतू मरतो, एन्झाइम मात्र शिल्लक राहतं, त्यातली काही तर यूएचटीच्या (बंद पॅकच्या दुधासाठी देतात त्या फार जास्त) उष्णतेलाही दाद देत नाहीत. दूध कडू होतं, पॅकमध्ये घट्ट होतं ते यामुळेही.

“पुढे पाश्चराईज होणार, घरी उकळणार, मग कशाला एवढा खटाटोप”

पाश्चरायझेशन म्हणजे ६३ अंशाला ३० मिनिटं किंवा ७२ अंशाला १५ सेकंद. रोग पसरवणारे नेहमीचे जंतू त्यात मरतात. पण बॅसिलस जातीच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं त्यांचं झोपलेलं रूप, मरत नाहीत, साध्या उकळण्यानेही मरत नाहीत, आणि न मरणारे हे जंतू जास्त करून कुठे साठतात तर त्या दुधाच्या दगडात आणि चिरा पडलेल्या रबरात.

दुसरं म्हणजे विष. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा कासदाहातला नेहमीचा जंतू, तो कोमट दुधात वाढला की विष सोडतो आणि ते विष उकळून जात नाही. २००० साली जपानमध्ये एका मोठ्या डेअरी कंपनीच्या दुधामुळे तेरा हजारांवर लोक आजारी पडले. होक्काइदोमधल्या दूध पावडरच्या कारखान्यात वीज गेली होती, दूध कोमट राहिलं, जंतू वाढले, नंतर उष्णतेने ते मेले पण विष पावडरमध्ये तसंच उतरलं आणि ती पावडर दुधात वापरली गेली. ते कारखान्यात झालं, गोठ्यात नाही, पण दुधात एकदा तयार झालेली गोष्ट नंतरच्या उष्णतेने परत फिरवता येत नाही हे दोन्हीकडे सारखंच.

“केमिकल दुधात उतरतं, त्यापेक्षा जंतू परवडले”

ही भीती उगाच नाही, मला ती झटकून टाकायची नाहीये. क्लोरीनवाल्या क्लीनरचा अंश मशीनमध्ये राहिला आणि दुधाला लागला तर त्यातून ट्रायक्लोरोमिथेन तयार होऊ शकतं, क्लोरोफॉर्म म्हणतात तेच, आणि ते फॅटमध्ये जाऊन बसतं म्हणून लोण्यात जास्त दिसतं. आयर्लंडमधला डेअरी उद्योग अशा अंशांमुळेच क्लोरीन नसलेल्या धुण्याकडे वळला. पण त्यांनी धुणं बंद नाही केलं. क्लोरीन काढलं तर अल्कलीचं प्रमाण, गरम पाण्याच्या फेऱ्या आणि ॲसिड वाढवावं लागतं, ते त्यांनी वाढवलं.

आपल्याकडून होण्यासारखं साधं आहे. डब्यावर लिहिलंय तेवढंच मोजून घाला, मूठभर-झाकणभर नाही. धुतल्यावर चांगल्या पाण्याने विसळा आणि ते पाणी पूर्ण निथळू द्या, लाईनला उतार नसेल तर ते वळणात साचतं, उतार करून घ्या. धारेच्या आधी सॅनिटायझर फिरवत असाल तर तो फक्त स्वच्छ मशीनवर चालतो कारण दुधाचा थर राहिला असेल तर क्लोरीन त्या थरावरच खर्च होतं आणि जंतू तसेच राहतात. मग लोक म्हणतात औषध लागू पडत नाही, मात्रा वाढवा, आणि मात्रा वाढवली की मेसेजमधली भीती खरी व्हायला लागते.

“लायनर फाटेपर्यंत वापरा, रबर आहे, काय होतंय”

लायनर म्हणजे कपाच्या आतली, सडाला लागणारी रबरी नळी. या रबराला बाहेरून काही दिसायच्या आधीच आतून बारीक चिरा पडलेल्या असतात. फॅट, क्लोरीन, गरम पाणी सगळं ते रोज सोसत असतं. लायनर काढून आतली बाजू बोटाने ताणून बघा, चिरा उघडतात आणि त्यात काळपट रेषा दिसते. तिथे ब्रश पोचत नाही. रबरी लायनरचं आयुष्य साधारण २५०० धारा किंवा सहा महिने, जे आधी होईल ते, असं धरतात. दोन क्लस्टरवर (एक क्लॉ आणि त्याचे चार कप म्हणजे एक क्लस्टर) १० जनावरं असतील तर एका क्लस्टरला दोन वेळच्या मिळून दिवसाला १० धारा, अडीचशे दिवस होतात, म्हणजे सहा महिन्यांचा नियम आधी लागतो. त्याच दोन क्लस्टरवर ४० जनावरं असतील तर दिवसाला ४० धारा आणि जेमतेम दोन महिन्यात लायनर संपले. एका क्लस्टरचे चारही लायनर एकाच वेळी बदला आणि बदललेली तारीख क्लस्टरजवळच लिहून ठेवा.