आधी काच, मग बर्मेस्टर: ‘मडगावकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मडगावकर,

तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि चांगलीच खरडपट्टी काढून लिहिलंत, तेव्हा खाली दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून सुटणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे वेगळं उत्तर.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. फोंड्याचे माझ्या ओळखीचे एक डॉक्टर पोर्शेची टायकान ही विजेची गाडी घेताहेत. त्यांचा प्रश्न होता, तिच्यात साऊंड सिस्टिम बोसची घेऊ की त्याहून महागडी बर्मेस्टरची? मी म्हटलं, बोसवर थांबा, २१ इंची चाकांचा मोह सोडा आणि वाचलेल्या पैशांत आवाज अडवणाऱ्या दुपदरी काचा घ्या. त्यावर तुमचं म्हणणं असं: कोट्यवधींची गाडी घेणाऱ्याला मी काटकसर शिकवतोय, दुप्पट वॅट आणि सात स्पीकर जास्त असूनही ज्याला फरक मोठा वाटत नाही त्याने कान तपासून घ्यावेत, आणि मुळात एवढा खल कशाला, गाडी साधी घ्या, मडगावात तुमच्या माहितीतला माणूस निम्म्या पैशांत ‘त्याच तोडीचं’ बसवून देईल.

काटकसर नको आणि निम्म्या पैशांत काम हवं, हे दोन्ही एकाच प्रतिक्रियेत कसं बसलं ते तुम्हीच जाणे. पण मुद्दे दखल घेण्यासारखे आहेत.

काटकसरीचं आधी. मी पैसे वाचवायला सांगितलेलं नाही, कशावर आधी घालायचे तेवढं सांगितलंय. विजेच्या गाडीत इंजिन नाही म्हणून आत शांतता असते, हा समज शोरूमपुरता खरा. इंजिनाची गुरगुर बाकीचे आवाज झाकत होती. ती गेली आणि टायर, वारा, खडी हे सगळे उघडे पडले. नव्या झुआरी पुलावर साठ-सत्तरच्या वेगाने काच बंद करून, म्युझिक बंद ठेवून एकदा जा आणि पुलाचे जोड मोजा. जोडागणिक एक ठोका, मध्ये टायरची सलग घरघर आणि आरशाच्या बाजूने वाऱ्याची बारीक शीळ. तुमचं गाणं या सगळ्यावर मात करून कानापर्यंत यायचं आहे.

आता यात काय बुडतं ते बघा. डॉक्टरांच्या गाडीत निम्म्याहून जास्त वेळ बैठकीचं गाणं लागतं. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झला येतो, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९च्या आसपास. गाडीच्या आत शिरणारी टायरची घरघर बरीचशी ५०० हर्ट्झच्या खाली असते, म्हणजे नेमकी तिथेच. उभ्या गाडीत तंबोरा भरून येतो, गाडी हायवेला लागली की खर्ज आधी जातो. मग माणूस आवाज वाढवतो. त्याने खर्ज थोडा परत येतो, पण तोवर गवई अंगावर ओरडायला लागलेला असतो. यावर बर्मेस्टर हा उपाय नव्हे. रुंद, कडक कडेचा टायर टाळणं आणि त्याची हवा वेळच्या वेळी बघणं हा उपाय. आपल्या रस्त्यांवर लहान चाकं आणखीही कारणांनी बरी. ती कारणं खड्ड्यांना माहीत आहेत.

काचेचं काम वेगळं. एकेरी टेम्पर्ड काच दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज जास्त आत सोडते, आणि आपला कान सर्वांत तिखट असतो तोही दोन ते चार हजारांच्या दरम्यान. व्यंजनं, हार्मोनियमची धार, तंबोऱ्याच्या जवारीचा झणकार, सगळं याच भागात. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकची पातळ फिल्म असलेली काच नेमकी तिथेच वाऱ्याला आवर घालते. हा पर्याय कारखान्यातूनच घ्यायचा असतो. म्हणून म्हटलं, आधी काच.

वॅटबद्दल. बोस ७१० वॅट आणि १४ स्पीकर, बर्मेस्टर १४५५ वॅट आणि २१ स्पीकर. आकडे तुम्ही बरोबर दिलेत. पण वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो ३ डेसिबलने, म्हणजे चटकन जाणवेल न जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायचा तर १० डेसिबल लागतात, त्यासाठी वॅट दहापट हवेत. शिवाय नेहमीच्या ऐकण्यात अँपमधून (अँप्लिफायरमधून) सरासरी थोडेच वॅट जातात. बाकीची ताकद तबल्याच्या थापेसारख्या क्षणभराच्या उसळीसाठी राखीव असते. ती राखीव ताकद कामाची नाही असं मी म्हणत नाही, पण ‘दुप्पट वॅट’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद आहे.

बर्मेस्टरची खरी करामत वॅटमध्ये नाहीच. १९७७ साली सुरू झालेली ही जर्मन कंपनी आधी घरातल्या महागड्या अँपसाठी नावाजली. टायकानमध्ये त्यांनी पुढे घडीच्या पडद्याचे ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, वापरलेत, एअर मोशन ट्रान्सफॉर्मर म्हणतात ते. वरचे सूर त्यातून फार मोकळे येतात. आणि खालच्या सुरांसाठी ४०० वॅटचा सबवूफर गाडीच्या सांगाड्यातच बसवलेला आहे. मी ही सिस्टिम ऐकलेली आहे, उभ्या गाडीत आणि रस्त्यावरही. उभ्या गाडीत मी चवथीतल्या (गणेश चतुर्थीतल्या) घुमट आरतीचं एक नीट केलेलं रेकॉर्डिंग लावलं होतं. डेमोला मी नेहमी हेच लावतो, कारण घुमटाचा, म्हणजे मातीच्या घटाच्या वाद्याचा, गोल, आत ओढणारा ठोका, शामेळाची (काठ्यांनी वाजवायच्या वाद्याची) टिपरी आणि कांसाळ्याचा (झांजेचा) कर्कश झणका अशी वरपासून खालपर्यंत सगळी परीक्षा एकाच वेळी होते. बर्मेस्टरवर कांसाळं कानात टोचत नाही, तरी त्याचं धातूपण जात नाही. घुमटाचा ठोका संपतो तिथे खरंच संपतो, मागे घोंगावत राहत नाही. तेव्हा फरक नाही असं मी कुठेच लिहिलेलं नाही, माझे कान शाबूत आहेत.

पण तो फरक डॉक्टरांना किती मिळणार? त्यांच्या संग्रहातला मोठा भाग ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेला आहे. केसरबाई केरकरांची जुनी तबकडी घ्या. मोनो, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, आणि पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर खरखरीशिवाय फारसं काही नाही. तो घडीचा ट्वीटर तिथे मुख्यतः खरखर सुंदर करून ऐकवणार. उरलेल्या मैफिली व्हॉट्सॲपवरून आलेल्या, आधीच चेपलेल्या, म्हणजे फाइल लहान करताना आवाजाचे बारकावे गेलेल्या. त्या ते ब्लूटूथने लावतात, म्हणजे आणखी एकदा चेपणी. निदान आयफोन गाडीला जोडणारं वायरलेस कारप्ले वापरा असं मी त्यांना सांगितलंय. ते वाय-फायवरून चालतं, त्यामुळे ही जादाची चेपणी टळते. हा बदल फुकटात होतो आणि ऐकू येतो.

उलट जो नवी रेकॉर्डिंग लॉसलेसमध्ये, म्हणजे काही न गमावता, ऐकतो, मोठ्याने ऐकतो, ज्याला इलेक्ट्रॉनिक किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंद आवडतो, त्याने बर्मेस्टर जरूर घ्यावा. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची, जी तुम्ही मांडली नाहीत: विजेची गाडी चार्जिंगला उभी राहते. १० ते ८० टक्के चार्ज १८ मिनिटांत होतो असं कंपनी म्हणते, पण ते ३२० किलोवॅट घेऊ शकेल अशा चार्जरवर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्याहून बराच जास्त वेळ बसावं लागतं, आणि बंद काचांच्या उभ्या गाडीत बर्मेस्टरसारखी दुसरी बैठक नाही. डॉक्टर मात्र घरी रात्री चार्ज करणार आणि तेव्हा ते झोपलेले असणार.

आता मडगावातल्या तुमच्या माणसाबद्दल. त्याच्या हाताला मी नाव ठेवत नाही. जुन्या गाड्यांत अशा कारागिरांनी कमाल करून ठेवलेली आहे. पण ही ८०० व्होल्टची गाडी आहे. जास्त व्होल्टची नारिंगी वायर दिसली की तिला हात लावायचा नाही, हे ठाऊक असलेलाच माणूस आत शिरायला हवा. दुसरं, पूर्वीसारखी स्पीकरची वायर टॅप करून हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल बाहेरच्या अँपजोगा कमी करणारा) लावला की झालं, असं इथे राहिलेलं नाही. अँपकडे सिग्नल डिजिटल जातो, कंपनीने प्रत्येक स्पीकरला त्या केबिनच्या हिशेबाने आधीच ट्यून केलेलं असतं, आणि पार्किंगचा बीप, बेल्टची सूचना, हौसेने घेतलेला कृत्रिम ‘स्पोर्ट’ आवाज हे सगळं त्याच यंत्रणेतून येतं. मध्येच तोडलं तर गाणं सुधारेल न सुधारेल, डॅशबोर्डवर दिवे मात्र नक्की लागतील. वॉरंटीचं भांडण त्यानंतरचं. आणि बर्मेस्टरचा सबवूफर सांगाड्यातच असल्यामुळे ‘त्याच तोडीचं’ नंतर बसवणं शक्यच नाही. डिकीत सबवूफरचा डबा ठेवता येईल, तो वेगळा प्रकार.

गोव्यापुरतं एक महत्त्वाचं. दाराच्या आतल्या ट्रिममागे (आच्छादनामागे) एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं, खालच्या भोकांतून बाहेर जातं, आणि हा पडदा ते ट्रिमकडे येऊ देत नाही. स्पीकर बदलताना तो फाटतो, किंवा घाईत अर्धाच परत चिकटवला जातो. मे महिन्यात काही कळत नाही. जुलैत स्पीकरचा शंकू फुगतो, मॅटखाली ओल येते, क्लिपा सैल झालेल्या असतील तर ट्रिम खडखडायला लागते. चारेक महिन्यांत आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस पडून जातो, एवढं पाणी त्या दारातून जाणार आहे. हे काम करवून घ्यायचंच असेल तर दुसऱ्या गाडीवर करा, आणि दार बंद करण्याआधी तो पडदा स्वतः बघा.

तुमच्याच प्रतिक्रियेखाली एकाने रेंजबद्दल (गाण्यामुळे एका चार्जमध्ये गाडी किती कमी चालेल) विचारलंय, तेही उरकतो. अँप सरासरी १०० वॅट खातोय असं धरलं तरी तासाला ०.१ युनिट. गाडी १०० किलोमीटरला साधारण २० युनिट घेते असं समजा, म्हणजे तासभराच्या गाण्याला अर्धा किलोमीटर. एसीचा खर्च त्याहून कितीतरी जास्त.

डॉक्टरांनी अजून ऑर्डर पक्की केलेली नाही. तुमची प्रतिक्रिया मी त्यांना पाठवली, ती वाचून त्यांच्या मुलीने बर्मेस्टरच्या बाजूने मत दिलंय. ती मागे बसून काय ऐकते ते मला माहीत आहे, आणि तिच्यापुरतं तिचं बरोबर आहे. काचांवर दोघांचं एकमत झालं. बर्मेस्टरचं ते पुढच्या आठवड्यात मुंबईला जाऊन ठरवतील. विक्रेत्याचं डेमो गाणं लावू द्यायचं नाही, स्वतःचा फोन जोडायचा आणि गाडी रस्त्यावर काढायला लावायची, एवढं मी त्यांना बजावून ठेवलंय.