एक स्टारवाल्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार मालक, तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. एक स्टार, आणि खाली "२,२०० रुपये घेऊन हार्ड डिस्क बदलली तरी डिझाइनच्या फाइली उघडत नाहीत, वर पेनड्राइव्हमधून व्हायरस घातला, नवी पेठेत दुकान टाकून बसलेत पण काम येत नाही" असं लिहिलंय. तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंय तर मी पण इथंच सांगतो.

डिस्क बदलायची गरज नव्हती, ती चूक आमची. फाइल करप्ट येतीय म्हणजे बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा खराब झालेला भाग, असणार असं आमच्या पोरानं धरून टाकलं, मी त्या दिवशी अक्कलकोटला लग्नाला गेलेलो, आल्यावर पण बघितलं नाही. नशीब तुमची जुनी डिस्क फेकली नव्हती, काल दुपारी तीच लावून बसलो, चेक मारला तर एकदम ठणठणीत.

आता खरी भानगड. तुमच्या एमआयडीसीतल्या मशीनवर नुसता काळा स्क्रीन आणि लिंक्स ब्राउझर, म्हणजे चित्रं नाहीत, नुसती अक्षरं दाखवणारा, माऊस पण नाही. लिंक्स १९९२ पासूनचा, कॅन्सस युनिव्हर्सिटीत बनलेला, अजून चालतोय, त्याला नावं ठेवायला मी कोण. पण टार डॉट जीझेड फाइल (बऱ्याच फाइलींचं एक गाठोडं म्हणजे टार, ते जीझिपनं दाबून लहान केलं की नावाच्या शेवटी जीझेड) पाठवताना काही सर्व्हर सोबत एक चिठ्ठी लावतात, कंटेंट एन्कोडिंग जीझिप अशी. ब्राउझर समजतो की माल फक्त प्रवासापुरता दाबलाय, मग तो बिचारा वाटेतच उघडून ठेवतो, पण फाइलीचं नाव मात्र जुनंच, शेवटी जीझेड. तुम्ही गनझिप, म्हणजे जीझिपनं दाबलेलं उघडायचा प्रोग्रॅम, चालवलं की ते म्हणतं नॉट इन जीझिप फॉरमॅट, आणि आपल्याला वाटतं फाइल मेली. जीझिपच्या फाइलीचे पहिले दोन बाइट १एफ ८बी असतात, तुमच्या फाइलीत ते नव्हतेच, आणि फाइल कुठल्या प्रकारची ते सांगणारी 'फाइल' कमांड मारली तर सरळ टार म्हणून उत्तर आलं. नावातलं जीझेड काढलं, गाठोडं सोडायची टार एक्स एफ कमांड मारली, ४१ डिझाइन बाहेर. पाच मिनिटाचं काम होतं हो, लाज वाटली.

दुसरी फाइल मात्र खरंच गेलीय, आणि ती ना आमच्यानं ना डिस्कनं. ती यूयूएनकोड केलेली, म्हणजे बाइटचं साध्या अक्षरात रूपांतर, पहिल्या ओळीत बिगिन, शेवटी एंड, मधली प्रत्येक भरलेली ओळ एम पासून सुरू आणि बरोबर ६१ अक्षरांची. यात स्पेस, अँड (&) आणि लेस दॅनची (<) चिन्हं पण डेटाच असतात. त्या सर्व्हरनं ती साध्या टेक्स्टऐवजी एचटीएमएल, म्हणजे वेबपान, म्हणून पाठवली, मग लिंक्सनं लेस दॅन दिसला की टॅग, म्हणजे पानाच्या मांडणीची खूण, समजून पुढचं गिळलं, चार स्पेसची एक केली, ओळी जोडून स्क्रीनच्या रुंदीला तोडल्या. तुम्ही पी दाबून सेव्ह केलं, पी नं स्क्रीनवर दिसतं तसंच सेव्ह होतं. तुम्ही जेकार्डवाले, भोकांच्या कार्डावरून चादरीची नक्षी विणणारे, कार्डावर एक भोक सरकलं तर चादरीचं काय होतं ते मी तुम्हाला काय सांगायचं. ती परत उतरवावी लागेल, लिंकवर उभं राहून डी दाबायचं म्हणजे कच्चा माल जसाच्या तसा येतो, नाहीतर डब्ल्यूगेट ही फाइल उतरवायची कमांड वापरायची, ते आपणहून काही उघडत बसत नाही. बेस ६४ वाली, म्हणजे अक्षरात बदलायच्या दुसऱ्या पद्धतीची, असती तर कदाचित वाचली असती, त्यात स्पेस आणि लेस दॅन नसतातच.

व्हायरसचं मात्र मान्य नाही. पेनड्राइव्ह तुमचाच होता, आणि त्यात तुमच्या पुतण्याच्या लग्नाच्या फोटोशिवाय काही नव्हतं.

२,२०० परत देतो, जुनी डिस्क परत बसवतो, नवी मी घेऊन जातो. स्टारचं तुमचं तुम्ही बघा, व्हायरसचं वाक्य तेवढं काढा. सीपीयू उचलून आणू नका, त्या खटाऱ्याची केबल आधीच लूज आहे, गुरुवारी सकाळची पाळी सुटायच्या आत मीच कारखान्यात येतो, पोराला पण घेऊन येतो, त्यानंच स्वतःच्या हातानं डी दाबून दुसरी फाइल उतरवायचीय.